पायाळू घरी आहे

मी पायाळू आहे. माणसं जन्माला येताना डोकं पुढे करून येतात, मी पाय पुढे करून आलो. सुईणीने मला बाहेर काढलं तेव्हा ती म्हणाली म्हणे, "पोरगा हाये, पन पायाळू हाये." त्या 'पण'ने पुढे कधीच माझा पिच्छा सोडला नाही.

आमच्याकडे पायाळू माणसाचा लोकांना उपयोगही बराच असतो. कुणाच्या पाठीत उसण भरली की त्याला पालथं झोपवायचं आणि पायाळूने त्याच्या पाठीवरून पाय फिरवायचा. मी चालायला लागल्यापासून हेच करत आलो. गावातल्या अर्ध्याअधिक पाठी माझ्या पायाखालून गेल्या आहेत. विहीर खणायची झाली की मला शिवारात फिरवायचे, कारण पायाळूला जमिनीखालचं पाणी कळतं. मला ते कधीच कळलं नाही. पाय दुखायला लागले की मी थांबायचो आणि लोक तिथे दगड ठेवायचे.

या सगळ्या मानाच्या बदल्यात एक गोष्ट मात्र भोगावी लागायची. वीज म्हणे पायाळूला शोधत येते. ढग गडगडले की माय मला आतल्या खोलीत लाकडी पाटावर बसवायची, अंगावर घोंगडी टाकायची आणि विळी, कुऱ्हाड, उलथणं जे लोखंडी असेल ते लांब सारायची. बाकीचं घर दारात उभं राहून पाऊस बघायचं. मी घोंगडीतून नुसता ऐकायचो. शाळेत, शेतात, एसटीच्या थांब्यावर कडकडायला लागलं की माझ्या आजूबाजूची जागा आपोआप मोकळी व्हायची. वाईट कुणी बोलायचं नाही, पण मी ज्या छपराखाली, ज्या झाडाखाली असेन तिथे कुणी थांबायचं नाही. याचा उलटा अर्थही लोकांनी लावून ठेवला होता. मी जिथे नाही ती जागा बिनघोर.

माझा दादा माझ्याहून बराच मोठा. वडील लवकर गेले, त्यामुळे मला वाढवण्यात त्याचा हात माझ्या मायइतकाच. शेतात असताना आभाळ भरून आलं की तो हातातलं काम टाकायचा, मला खांद्यावर घ्यायचा आणि घराकडे पळत सुटायचा. मी चांगला दहा-अकरा वर्षांचा, पाय त्याच्या गुडघ्यापर्यंत लोंबताहेत आणि हा धापा टाकत पळतोय. मला घरात सोडून, दाराला बाहेरून कडी घालून तो तसाच परत शेतात जायचा. वीज त्याला काही करील असं त्याच्या मनातही यायचं नाही. तो डोक्याने जन्मला होता.

पुढे मी शिकलो, आणि नव्वदचं दशक लागता लागता जालन्याच्या एका सरकारी कचेरीत कारकून झालो. राहायचो गावीच. सकाळी सायकलने बदनापूर, तिथून पॅसेंजर, संध्याकाळी तेच उलटं. नशिबाने माझी काय थट्टा मांडली पाहा, वर्षभरातच माझ्याकडे पूर, वादळ, गारपीट, वीज यांचं टेबल आलं. वरून फोन यायचा, मी तो निरोप वहीत उतरवून घ्यायचो, परत वाचून दाखवायचो आणि मग तालुक्यांना फोन लावत बसायचो. तालुक्याहून तो तलाठ्याकडे, तलाठ्याकडून कोतवालाकडे, आणि कोतवाल हलगी वाजवून चावडीपुढे दवंडी द्यायचा. मधे कुठे फोन बंद, कुठे तलाठी रजेवर, कुठे कोतवालाच्या घरी लग्न. तरी पण निरोप पोचायचा, हे मी सांगितलंच पाहिजे. निरोप पोचत नव्हता असं म्हणून मला सुटता येणार नाही.

कचेरीत सगळ्यांना माझा पाय माहीत होता. हेडक्लार्कची उसण मीच रेकॉर्डच्या खोलीत काढली होती, जुन्या फायली बाजूला सारून, खाली पेपर अंथरून. तेच मला म्हणाले होते, "वीज ज्याला हुडकत येते त्यालाच विजेची खबर द्यायला बसवला. सरकार बराबर माणूस निवडतं." सगळे हसले, मीही हसलो. ते टेबल मी घेतलं, कारण मला वाटायचं, आता माझ्या अंगावरची ती घोंगडी उतरेल. वीज माणसाचा जन्म बघत नाही, उंच झाड बघते, हे आता सरकारी कागदावर लिहून येत होतं आणि तो कागद माझ्या हातात होता.

निरोपाची भाषा ठरलेली. येत्या अमुक तासांत जिल्ह्यात तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह वादळी पावसाची शक्यता. विजा चमकत असताना झाडाखाली थांबू नये, उघड्यावर उभं राहू नये, घरात थांबावं. मला ती वाक्यं झोपेतही म्हणता येत होती. पण गावात कुणाला ती सांगायला जावं तर पहिला प्रश्न यायचा, "तुरळक म्हंजे? आपल्या शिवारात का पल्याडच्या?" दुसरा प्रश्न, "शक्यता म्हंजे पडन का न्हाई पडन, ते एकदा नक्की सांगा." मी काय नक्की सांगणार? मी कपाळाला हात लावायचो. लागोपाठ दोन-चारदा इशारा येऊन आभाळ कोरडं गेलं की पारावर बसलेले मला सायकलवरून उतरू द्यायचे नाहीत. "काय सायेब, म्हशी धुवायच्या ऱ्हायल्यात, तुमचा पाऊस कधी धाडता?" आणि इशारा नसताना एखादा तडाखा बसला की तेच लोक विचारायचे, "तवा काय झोपल्ते का तुमी?"

खरी अडचण मला पुढे कळली. ज्या मुलखात माणसाचा निम्मा जन्म आभाळाकडे बघण्यात जातो, तिथे 'पाऊस येणार' ही धोक्याची सूचना होतच नाही. उन्हाळ्यात ती ऐकून लोकांचे चेहरे खुलायचे. आणि सुगीच्या दिवसांत, बाजरी कापून पडलेली असताना तीच सूचना ऐकली की लोक घरात बसायच्या ऐवजी शेताकडे पळायचे, माल झाकायला. म्हणजे आमचा कागद म्हणायचा घरात थांबा, आणि त्याच कागदामुळे सगळा गाव रानात. मी एकदा साहेबांना हे सांगितलंही होतं. ते म्हणाले, "मग काय, सांगायचंच नाही का?"

त्या वर्षी परतीच्या पावसाचे दिवस होते. शनिवारी दुपारी फोन आला. निरोप उतरवून घेतला, परत वाचला, तालुक्यांना कळवला. सगळं झाल्यावर माझ्या डोक्यात आमची बाजरी आली. दादाने दोन दिवसांपूर्वीच कापून, कणसं खुडून खळ्यावर ढीग घातला होता आणि झाकायला घरात धड काही नव्हतं. जुनी ताडपत्री उंदरांनी खाल्लेली. गाडीला वेळ होता म्हणून मी जालन्यातल्याच मस्तगड भागात गेलो, तिथून पुढे गल्लीतल्या एका दुकानात मेणकापड मागितलं. माझ्या आधी चौघे जण तेच घ्यायला उभे होते. दुकानदार मला कचेरीतला म्हणून ओळखत होता. "खबर पक्की ना, साहेब?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "शक्यता आहे." त्याने मान डोलावली आणि जाड निळं मेणकापड मोजून दिलं. ते कॅरिअरला बांधून बदनापूरपासून घरापर्यंत मी जोरात सायकल मारली. घरच्यांसाठी काहीतरी वेळेवर घेऊन चाललोय, याचा मला तेव्हा आनंद झाला होता. आज तो आनंद आठवला की माझी मलाच चीड येते.

दादा दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावच्या बाजाराला जाणार होता, एक गोऱ्हा बघायला. सोबतही ठरली होती. मी निरोप सांगितला, मेणकापड पुढे ठेवलं. त्याने ते उलगडून दोन्ही हातांनी ताणून बघितलं आणि खूश झाला. "लई कामाचं आनलं. मंग उद्या बाजार रद्द. बाजरी झाकून घेतो, मंग बघू." वहिनी चुलीपाशी होती. ती म्हणाली, "मी बी येते. वाऱ्यात एकट्याच्यानं व्हायचं न्हाई ते."

मी म्हटलं, "सकाळीच जाऊन या. दुपारनंतर रानात थांबू नका. आणि पाऊस आलाच तर झाडाखाली जाऊ नका. हे बघ, लिहून आलंय." मी खिशातून कागद काढून त्याला वाचून दाखवला. खरोखर, एकेक शब्द वाचला.

दादाने तो प्रेमाने ऐकून घेतला. मग हसून म्हणाला, "आरं, हे सगळं तुझ्यासाठी लिव्हलंय. आमाला कोन इचारतं?" माय आतून म्हणाली, "उद्या तू घराच्या बाहेर पाय टाकू नको. सरकारनं बी सांगितलं ना आता?" म्हणजे जो कागद मी त्यांच्यासाठी आणला होता, तो त्यांनी घडी घालून माझ्याच खिशात परत घातला. मी चिडलो. म्हटलं, वीज पायाळू बघत नाही, उंची बघते. दादा म्हणाला, "बराबर हे. तू जेव आता."

रविवारी सकाळी ऊन कडक पडलं. इतकं, की दादा म्हणाला, तुझा पाऊस काही आज येत नाही. त्याने गोठ्यातली कामं उरकली, दोरी शोधली आणि तो आणि वहिनी निघाले तेव्हा दुपार कलायला आली होती. सकाळी गेले असते तर काम करून कधीच परत आले असते. पण सकाळी आभाळात ढगाचा ठिपका नव्हता आणि माझ्या कागदापेक्षा आभाळावर त्यांचा भरवसा जास्त. मी त्यांना हात धरून थांबवलं नाही. जाताना वहिनी म्हणाली, "भाऊजी, भाकरी झाकून ठिवलीय." दादा मायला म्हणाला, "याला आत बसव." मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा, सरकारी नोकर.

तासाभरात खालच्या अंगाने आभाळ काळंनिळं झालं. वारा सुटला, अंगणातलं कोंबडीचं खुराडं उलटं झालं. पहिला गडगडाट झाला तशी मायने मला आत बोलावलं. मी दारात उभा राहून म्हटलं, मी शेतात जातो, त्यांना घेऊन येतो. माय दारात आडवी झाली. "तू गेला तर त्यांच्यावर घेऊन जाशील. तू हितं हे तवर ते बिनघोर हेत." तिने हे इतक्या खात्रीने सांगितलं की मी तिथेच थिजलो. ती मला धरून आत घेऊन गेली, पाटावर बसवलं, घोंगडी टाकली आणि बाहेरून कडी लावली.

लिहायला बसलोच आहे तर खरं लिहितो. ती कडी जुनी होती. खांदा लावला असता तर निघाली असती. मी लावला नाही. मला भीती वाटत होती. पहिल्यांदा त्यांच्यासाठी आणि मग, जसजसा आवाज जवळ येत गेला तसतशी, माझ्यासाठी. माझ्या हाताने शेकडो वेळा लिहिलेलं वाक्य मला पाठ होतं, वीज उंची बघते, झाड बघते. आणि तरीही घोंगडीच्या अंधारात मला वाटत होतं की ती मला हुडकत फिरते आहे. एकदा इतका मोठा आवाज झाला की फडताळातली भांडी वाजली. मी डोकं गुडघ्यात घातलं. वाचलो, असं माझ्या मनात आलं. हे वाक्य तेव्हा माझ्या मनात आलं, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

पाऊस अर्धा तासच असेल. तो सरला, मायने कडी काढली, मी अंगणात आलो. वहिनी वाटेने येत होती. पळत नव्हती, चालत होती. एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी. ती आमच्यापर्यंत आली आणि उभी राहिली. मायने विचारलं, "त्यो कुठं हे?" वहिनीने नुसतं शेताकडे बोट केलं.

आम्ही पोचलो तेव्हा पाचसात माणसं आधीच जमली होती. बांधावरच्या कडुलिंबाखाली दादा एका कुशीवर पडला होता. लिंबाची साल वरपासून खालपर्यंत सोलून निघाली होती. त्याच्या अंगावर मोठी जखम अशी नव्हतीच. मी त्याला हलवत होतो आणि कोणीतरी मला मागून धरून सांगत होतं, बस, आता बस. खळ्यावर निळं मेणकापड घट्ट बांधलेलं होतं, चारी बाजूंनी दगड. कुणीतरी त्याचं टोक उचलून बघितलं. आत बाजरी कोरडी ठणठणीत होती.

काय झालं ते वहिनीकडून तुकड्यातुकड्याने कळलं. बाजरी झाकून झाली आणि थेंब सुरू झाले. दोघं लिंबाखाली गेली. ती म्हणाली होती, भाऊजींनी झाडाखाली थांबू नका म्हणून सांगितलंय. त्यावर दादा म्हणाला, "पायाळू घरी हे. आपल्याला काय हुतंय?" एवढ्यात वाऱ्याने मेणकापडाचं एक टोक उडालं, ते दाबायला ती खळ्याकडे धावली. दगड उचलला आणि सगळं पांढरं झालं, एवढंच तिला आठवत होतं. कान तिचे आठवडाभर वाजत होते.

कचेरीतून पंचनामा करायला जो माणूस आला तो माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारा. त्याला माझ्याकडे बघवत नव्हतं. लोक भेटायला येत होते. आडून बोलत होते, पण ऐकू येईल इतपतच आडून. वीज आल्ती पायाळूसाठीच. तो घरात बसला, म्हणून तिनं त्याच्या रक्ताचं माणूस नेलं. कुणी हे रागाने म्हणत नव्हतं. माझी समजूत घालावी अशा सुरात म्हणत होते, की बाबा, तू वाचलास हेही थोडं नव्हे. मी त्यांना कागद वाचून दाखवायचं सोडून दिलं. कोणत्या तोंडाने दाखवणार? त्या दिवशी इशारा नसता आला तर दादा बाजारात गोऱ्ह्याचे दात मोजत असता. इशारा आला, आम्ही त्याचं ऐकलं, म्हणून तो रानात गेला. आणि इशाऱ्यातलं शेवटचं वाक्य तेवढं ऐकलं नाही. निम्मं ऐकण्यापेक्षा त्याने काहीच ऐकलं नसतं तर बरं झालं असतं, असं मला वाटायचं आणि असं वाटून घेणाऱ्याने त्या टेबलावर बसू नये हेही कळायचं.

मी टेबल बदलून मागितलं. मिळालं नाही. पुढच्या उन्हाळ्यात दोनदा निरोप आला. वहीत उतरवला, तालुक्यांना सांगितला, आणि घरी गेल्यावर मुद्दाम गप्प बसलो. दुसऱ्या खेपेला गारा पडल्या. एका म्हाताऱ्याने पारावर सगळ्यांसमोर विचारलं, "तुमाला म्हाईत व्हतं ना? मंग गावाला कामून न्हाई सांगितलं?" मी मान खाली घालून सायकल हातात धरून घरी आलो. सांगावं तरी माणूस जातं, न सांगावं तरी बोल लागतो. मायला हे बोलून दाखवलं तर ती म्हणाली, "तू काय करनार रे? तू आपला घरात बस." तिच्याकडे माझ्यासाठी हेच एक उत्तर होतं, जन्मापासून.

शेत वहिनी बघत होती. तिने कुणाकडे रडगाणं गायलं नाही. लिंब तिने तोडून टाकला. कुणाला विचारलं नाही, मलाही नाही. एकदाच मला म्हणाली, "लाकूड घरात नगं आनू," आणि ते सगळं तसंच बांधावर पडून राहिलं. माझ्याशी ती पूर्वीसारखीच बोलायची. भाजी झाकून ठेवायची. त्यामुळे तर मला तिच्यासमोर बसवत नसे.

पुढच्या सुगीत पुन्हा फोन आला. तेच दिवस, तीच वाक्यं. त्या खेपेला मी घरी सांगितलं. वहिनीने ऐकलं आणि म्हणाली, "कापनी निम्मी ऱ्हायलीय. उद्या बाया सांगितल्यात, त्यांना न्हाई म्हनता येत न्हाई." मी रजा टाकली. म्हटलं, मी येतो. माय दारात उभी राहिली, मागच्यासारखीच. या खेपेला मी तिला दोन्ही हातांनी धरून बाजूला केलं. ती खाली बसली आणि कपाळ बडवून घ्यायला लागली. तिच्याकडे न बघता मी निघालो. भीती वाटत नव्हती असं नाही, पण घरात त्या पाटावर बसण्याची भीती आता विजेच्या भीतीहून मोठी झाली होती.

शेतात तिघी बाया आणि वहिनी. मी त्यांच्यापासून लांब बांधावर बसून होतो. आभाळाकडे डोळे लावून. त्या कापता कापता आपसात कुजबुजत होत्या आणि मधूनच माझ्याकडे बघत होत्या. पायाळू माणूस अशा दिवशी रानात कशाला आला, हा त्यांचा प्रश्न मला लांबून ऐकू येत होता. मी ठरवून आलो होतो की पहिला गडगडाट झाला की सगळ्यांना गावाकडे हाकलायचं. पण ढग डोंगराच्या मागून असा आला की गडगडाट आणि पाऊस एकदमच अंगावर आले. बायांनी विळे टाकले आणि शेजारच्या बांधावरच्या मोठ्या चिंचेकडे धावल्या. वहिनीही त्यांच्यामागे. जिचा नवरा झाडाखाली गेला ती बाईसुद्धा झाडाकडेच धावली. पाऊस डोक्यावर आला की पाय आपोआप झाडाकडे वळतात.

मी मागून ओरडत पळालो. "झाडाखाली जाऊ नका! लांब व्हा! सरकारनं सांगितलंय!" पावसात माझा आवाज माझ्यापर्यंतही येत नव्हता. त्या चिंचेखाली एकमेकींना चिकटून उभ्या. मी दोन शेतं तुडवत गेलो आणि त्यांना हाताला धरून ओढावं म्हणून सरळ चिंचेखाली शिरलो.

त्यांनी मला बघितलं. एक जण किंचाळली, "आगं पायाळू आला! पळा!" आणि तिघी तीन दिशांना सुटल्या. भर पावसात, उघड्या रानात, पदर डोक्यावरून उडालेले. दूर जाऊन जिला जिथे खोलगट जागा मिळाली तिथे बसल्या, डोकी गुडघ्यांत. त्यातली म्हातारी तिथूनही मला शिव्या घालत होती. एवढे दिवस वहीत जे लिहिलं, फोनवर जे ओरडून सांगितलं, दवंडीने जे झालं नाही, ते मी झाडाखाली नुसता पाय टाकल्याने झालं. चिंचेखाली आता फक्त मी होतो.

वहिनी सगळ्यात मागे निघाली. ती त्या बायांच्या इतकी लांब गेली नाही. पंधरावीस पावलांवर थांबली आणि वळली. तिच्या तोंडावरून पाणी वाहत होतं. ती त्या बायांकडे बघत होती, मग माझ्याकडे, मग चिंचेकडे. काहीतरी जुळवत असल्यासारखी. तिच्या काय लक्षात आलं ते मला ती बोलायच्या आधीच कळलं, कारण तेच त्याच क्षणी माझ्याही लक्षात आलं होतं. मी तिच्याकडे जायला निघालो तर तिने हात वर करून मला थांबवलं.

"हे त्या दिवशी लिंबाखाली कामून न्हाई केलं, भाऊजी?"

ती चिडून बोलली नव्हती. टोमणाही नव्हता. तिला खरंच कळून घ्यायचं होतं, आणि पावसात तशीच उभी राहून ती उत्तराची वाट बघत होती.